सुरमा, टोपी आणि पार्श्वसंगीत

‘सिनेमा आहे हो, मनोरंजन म्हणून बघा की!’ हा सल्ला मला वर्षातून चार-पाचदा तरी मिळतो. देणारे वाईट नसतात. बहुतेक मित्रच असतात, ईदला हक्काने शीरखुर्मा प्यायला येणारे. पण मनोरंजन म्हटलं की चिकित्सा बंद, हा नियम केला कुणी?

थ्रिलर मला मनापासून आवडतात. आमच्या घरात बाबूराव अर्नाळकरांच्या जीर्ण रहस्यकथा होत्या, नारायण धारप होते. अब्बांची ओरड फक्त दिवा रात्री उशिरापर्यंत जळतो एवढीच असायची. त्यामुळे माझी तक्रार भीतीविषयी नाही, भीती स्वस्तात उरकण्याविषयी आहे.

आपल्याकडच्या दहशतवादावरच्या थ्रिलरचा साचा आता पाठ झालाय. अरुंद गल्ली, हिरवट उजेड, डोळ्यांत सुरमा आणि मागे अजान. अजान! माझ्यासाठी पहाटेची अजान म्हणजे दादीच्या वजूच्या पाण्याचा आवाज आणि चुलीवरचा चहा. दिग्दर्शकासाठी ती ‘आता काहीतरी वाईट घडणार’ अशी सूचना आहे. संवाद लिहायची मेहनत वाचते. मग समतोल साधायला एक चांगला मुसलमान आणतात. २०२१च्या ‘सूर्यवंशी’त मुसलमान मंडळी गणपतीची मूर्ती उचलून सुरक्षित जागी नेतात. टाळ्या पडतात. खलनायक मुसलमान असायला माझी हरकत नाही, बदमाश सगळीकडे असतात. पण साध्या मुसलमानालाही पडद्यावर यायला चांगुलपणाचा दाखला लागतो, ही गोष्ट टाळ्यांच्या आवाजात कुणाच्या लक्षात येत नाही.

माझा भाचा पुण्यात शिकतो. असाच एक सिनेमा आला त्या आठवड्यात होस्टेलवर मुलांनी त्याला ‘स्लीपर सेल’ म्हणून हाक मारायला सुरुवात केली. गंमत म्हणून. तोही हसला. फोनवर मला म्हणाला, “मामू, न हसून सांगू कुणाला? अम्मीला बोलू नका फक्त.” एकोणीस वर्षांचं पोर आपल्यावरच्या विनोदाला दाद देऊन वेळ निभावायला शिकतंय. मनोरंजन म्हणून बघा म्हणणाऱ्यांनी याचाही हिशेब मांडावा.

थ्रिलरमध्ये दुसरं काही करताच येत नाही असं मात्र नाही. ‘द फॅमिली मॅन’चा पहिला सीझन (२०१९) आठवा. करीम नावाचा कॉलेजचा पोरगा. निषेधाचा एक खोडसाळ बेत आखतो, यंत्रणा त्याला अतिरेकी समजते आणि गोळ्या घालते. नंतर तो निर्दोष होता हे झाकलं जातं आणि नायकाला ते ठाऊक असतं. लोकप्रिय मालिकेत एवढं दाखवायला धाडस लागतं. पुढे गोष्ट धावत सुटते आणि करीम मागे पडतो, तो भाग वेगळा.

आता पॉडकास्ट. इथे तर पडदाही नाही, नुसता विश्वासाचा आवाज. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ साली ‘कॅलिफेट’ नावाचं पॉडकास्ट केलं. त्यात कॅनडातला एक तरुण आपण सीरियात इसिससाठी माणसं मारल्याचं सांगतो. मी ते इअरफोन लावून ऐकलंय. रचना अप्रतिम, अंगावर काटा येतो. २०२० साली कॅनडाच्या पोलिसांनी त्याच तरुणावर खोटी बतावणी केल्याचा आरोप ठेवला. त्या डिसेंबरात वृत्तपत्राने कबूल केलं की आपलं काम आपल्याच कसोटीला उतरलं नाही. मिळालेला पीबडी पुरस्कारही परत केला. आरोप पुढे मागे घेतला गेला, पण त्या तरुणाने आपल्या गोष्टी बनावट असल्याचं मान्य केलं होतं. एवढ्या मोठ्या वृत्तपत्राची चाळणी अशी फाटली कशी? ऐकणाऱ्याला जे आधीच खरं वाटतं, ते तपासायची घाई कुणालाच नसते.

तिथे निदान पुरस्कार परत गेला. आपल्याकडे ‘द केरला स्टोरी’च्या टीझरमध्ये ३२,००० मुलींचा आकडा फेकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर, मे २०२३मध्ये, या आकड्याला अधिकृत आधार नाही अशी सूचना पडद्यावर टाकायला निर्माते तयार झाले. आणि २०२५ साली त्याच सिनेमाच्या दिग्दर्शकाला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला.

या सगळ्यापुढे मला भुताचे सिनेमे जास्त इमानदार वाटायला लागलेत. बाबक अन्वरीचा ‘अंडर द शॅडो’ (२०१६) मिळाला तर बघाच. इराण-इराक युद्धातलं तेहरान. शिदेह मेडिकलची विद्यार्थिनी होती. राजकारणात भाग घेतला म्हणून तिला पुन्हा शिकू देत नाहीत. नवरा डॉक्टर, तो आघाडीवर. घरात लहान मुलगी, छतात घुसलेलं क्षेपणास्त्र आणि त्याबरोबर आलेला जिन. एका रात्री घाबरून ती मुलीला उचलून रस्त्यावर पळते. तिथे तिला धीर मिळत नाही, डोक्यावर कापड नाही म्हणून पकडतात. दम देऊन, चादर ओढायला लावून तिला घरी पाठवतात. त्याच घरी, जिथे जिन बसलाय! त्या बाईने जावं कुठे? हा सिनेमा मुसलमानांच्या घरातला आहे, आमच्यातल्या सत्तेला सोलून काढतो आणि तरीही मला कुठे अपमान वाटला नाही. कारण तो आतून केलाय. जिन, भूत, सैतान हे शब्द ऐकताच बंदीची मागणी करणाऱ्या आमच्या मौलवी मंडळींनी तो बायकामुलींसोबत बसून पाहावा.

आपल्याकडची ‘घूल’ (२०१८) इतकी घट्ट नाही. तिसऱ्या भागात रक्तपात जरा जास्तच झालाय. पण निदा रहीम विसरता येत नाही. सरकारी अधिकारी असलेली ही मुलगी देशनिष्ठा दाखवायला स्वतःच्या बापाला यंत्रणेच्या हवाली करते. राधिका आपटेने ते काम कसलाही आव न आणता केलंय. अरबी दंतकथेतला पिशाच्च नंतर येतो. माझी झोप बापलेकीच्या त्या प्रसंगाने उडाली. निष्ठा सिद्ध करण्याची पायरी कुठे संपते, हे निदाला तरी कुणी सांगितलं होतं?

‘परी’त (२०१८) मात्र इफ्रित आणि बांगलादेश यांची मोळी बांधली, तिथे माझं मन उडालं.

‘तुंबाड’ तर उत्तमच. हावरटपणाचा दोष तिथे बाहेरच्या कुणावर ढकललेला नाही, राक्षस वाड्याच्या पोटातलाच आहे. २०२४ साली पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला, म्हणजे प्रेक्षक बिघडलेत ही सबब निर्मात्यांना नाही. त्याच वर्षी कोकणातला ‘मुंज्या’ही धो धो चालला. त्यात भूत उतरवणाऱ्या बाबाचं नाव आहे एल्विस करीम प्रभाकर. नाव ऐकून थिएटर खदखदलं, शेजारी बसलेली माझी बायकोही. घरी येईपर्यंत रिक्षात आम्ही त्याच्या आडनावावरून भांडत होतो.