बाहेर बसलेलाही संघातलाच!

भांडवल नसल्यामुळे धंदा बुडतो, असे आपण नेहमी ऐकतो. ते खोटे नाही. पण आपल्या वस्त्यांतून चौघांनी मिळून उभी केलेली कामे पाहा. रंगकामाची टोळी असो, वायरिंगचे कंत्राट असो की जेवणाच्या ऑर्डरी घेणारा महिला बचत गट असो. पुष्कळदा पैसा संपण्याआधी माणसे तुटतात आणि काम मोडते. माणसे कशी घडवावीत आणि धरून ठेवावीत, हे क्रिकेटच्या मैदानावरील दोन प्रशिक्षकांकडून शिकण्यासारखे आहे.

पहिले रमाकांत आचरेकर सर. ते स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, पण मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्यांनी कितीतरी खेळाडू घडवले. सचिन तेंडुलकर फलंदाजीचा सराव करीत असताना सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो बाद करील त्याला नाणे; कोणालाच जमले नाही तर नाणे सचिनचे. बक्षीस फक्त रुपयाचे, पण नियम आधी सांगितलेला, सर्वांसमोरचा आणि सर्वांना सारखा. आपल्याकडे मात्र रात्रपाळीची जादा हजेरी काम चालू असताना कबूल होते आणि हिशेबाच्या दिवशी विसरली जाते. मग पोरे टिकत नाहीत.

सर सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत. नुसत्या उपदेशाने कोणी तयार होत नाही. नव्या मुलाला वर्षभर फक्त शिडी धरायला लावली, तर तो रंगारी कसा होणार? त्याला एक लहान खोली पूर्ण करू द्या. भिंत घासण्यापासून शेवटच्या हातापर्यंत काम त्याचे, नजर तुमची.

आता दुसरे प्रशिक्षक. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शिल्ड शालेय स्पर्धेत आचरेकर सरांच्या शारदाश्रम शाळेकडून सचिन आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागी केली. सर्वांना ती जोडी आठवते. त्या वेळी पुढचा फलंदाज पॅड बांधून बाहेर बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुझुमदार. पुढे त्यांनी रणजी पदार्पणात 260 धावा केल्या, प्रथम श्रेणीत 11 हजारांहून अधिक धावा जमवल्या. तरी भारताच्या मुख्य संघात त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही.

हेच मुझुमदार 2023 मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2025 च्या विश्वचषकात संघ ओळीने तीन सामने हरला. त्यांतल्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात एक गोलंदाज वाढवण्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवले होते. पुढच्याच सामन्यात तिला परत घेतले, तेही वरच्या, तिसऱ्या क्रमांकावर. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद 127 धावा काढून संघाला जिंकून दिले. शेफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावले. 2 नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात तिने 87 धावा केल्या. कर्णधार हरमनप्रीत कौरने तिच्या हाती चेंडूही दिला आणि तिने दोन बळी घेतले. भारत 52 धावांनी जिंकला.

बंधू-भगिनींनो, यातला धडा आपल्या रोजच्या कामाचा आहे. सहा माणसांच्या टोळीला कधी चौघांपुरतेच काम मिळते. दोघांना घरी बसावे लागते. त्यांना कारण सांगितले नाही, तर ते मनात म्हणतात, “मुकादमाने आपल्या माणसांना धरले, आम्हाला टाकले.” आठ दिवसांत ते दुसऱ्या ठेकेदाराकडे जातात. मग मोठे काम आले की हात कमी पडतात.

म्हणून ज्याला थांबवायचे त्याला आदल्या दिवशीच तोंडावर कारण सांगा. पुढचे काम कधी मिळेल तेही सांगा आणि शब्द पाळा. परत आल्यावर त्याला कोपऱ्यातले उरलेसुरले काम देऊ नका, जबाबदारीचे द्या. गटातली एखादी ताई बाळंतपणानंतर परत आली, तर तिला नुसती भांडी घासायला बसवू नका. तिच्या हातची भाजी गिऱ्हाइकांना आवडत होती, हे लक्षात ठेवा.

काम चालू असताना जवळ असलेल्यांशी कोणीही गोड बोलतो. येत्या पगाराच्या दिवशी टोळीच्या वहीत गेल्या महिन्यात ज्यांची हजेरी कमी लागली, त्यांची नावे पाहा. आणि त्यांच्या घरी स्वतः जाऊन या.