सिंघण राजा आणि आंब्याची लक्ष्मी

आंबेजोगाईस योगेश्वरीच्या दर्शनाला आमचे कित्येक कोंकणस्थ वाचक जातात, कुलस्वामिनीची ओटी भरतात आणि त्याच पावलीं परततात. गांवांतील खोलेश्वराच्या देवळापर्यंत मात्र त्यांतले फार थोडे पोहोंचतात. त्या देवळाचा शिलालेख शके ११६२ चा, म्हणजे इ. स. १२४० चा आहे.

तेव्हां देवगिरीस यादव सिंघण राज्य करीत होता. इ. स. १२१० च्या सुमारास तो गादीवर आला आणि १२४६ च्या सुमारास वारला. यादवकुळांत त्याच्यासारखा पराक्रमी राजा दुसरा झाला नाहीं, असें आमचें मत आहे. पन्हाळ्याचें शिलाहार राज्य त्यानें बुडविलें, दक्षिणेंत होयसळांस मागें रेटलें. गुणिजनांचाही त्याला लोभ होता. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव त्याच्या दफ्तरांत श्रीकरणाधिपति होता (दिवसा जमाखर्च आणि रात्रीं श्रुतिस्वर, असाच त्याचा क्रम असावा!). भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा त्याचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यानें खानदेशांत पाटण येथें मठ स्थापिला.

परंतु राजाची दृष्टि गुजराथेवर खिळली होती. त्याच्या सैन्याची चाहूल लागतांच तिकडे काय झालें, तें गुजराथचा राजपुरोहित सोमेश्वर यानें ‘कीर्तिकौमुदी’ काव्यांत वर्णिलें आहे. कोणी नवें घर बांधावयास घेईना, कोणी धान्य सांठवीना. शेतांतलें पीक तसेंच टाकून जो तो गाडी मिळविण्याच्या खटपटीस लागला. शत्रुपक्षाच्या कवीचें हें वर्णन आम्हांस कोणत्याही प्रशस्तीहून खरें वाटतें.

या स्वाऱ्यांतील एक नामांकित सेनापति खोलेश्वर हा मुद्गलगोत्री ब्राह्मण. त्याच्या मागून त्याचा पुत्र राम मोठें सैन्य घेऊन पुन्हां गुजराथेवर निघाला. नर्मदेच्या कांठीं तुंबळ युद्ध झालें. रामानें पुष्कळ शत्रु मारले आणि शेवटीं स्वतःही तेथेंच पडला. शाळेच्या पुस्तकांत ही मोहीम एका ओळींत उरकलेली असे. रामाचें नांव तींत नसे.

तें नांव राखलें लक्ष्मीनें. ही खोलेश्वराची कन्या, रामाची बहीण. आंब्याचें तें देऊळ तिनें भावाच्या स्मरणार्थ बांधविलें. शिलालेखांत राजाची कीर्ति आहे, बापाचा पराक्रम आहे. यंदा योगेश्वरीस जाणाऱ्या मंडळींनीं घटकाभर वेळ काढून तिकडे जावें, आणि बरोबर लेकीसुनांनाही न्यावें.