दुकानाची पाटी आणि कामगाराचा कागद

भाषाभिमानाचा विषय निघाला की फ्रान्सचे उदाहरण हटकून दिले जाते. १६३५ साली स्थापन झालेली फ्रेंच अकादमी आणि इंग्रजी शब्दांवरील तिचा रोष यांचे मग कौतुक होते. परंतु इंग्रजीच्या वर्चस्वाला फ्रान्सने दिलेल्या उत्तराचे मर्म अकादमीपेक्षा १९९४ च्या तुबाँ कायद्यात अधिक आहे. नोकरीचा करार आणि कामासाठी लागणारी कागदपत्रे फ्रेंचमध्ये असावीत, असे बंधन या कायद्याने मालकांवर घातले. ते केवळ शोभेचे राहिले नाही. कामाची तांत्रिक कागदपत्रे नुसती इंग्रजीत दिल्याबद्दल एका अमेरिकी उद्योगाच्या तेथील कंपनीला २००६ साली व्हर्सायच्या अपील न्यायालयाने ५ लाख ८० हजार युरोंचा भुर्दंड बसविला. दाद मागणाऱ्यांत कामगार संघटना होत्या, हे विशेष!

महाराष्ट्राने नेमकी हीच बाजू मोकळी ठेवली आहे. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली, २०२० च्या कायद्याने ती शाळांत अनिवार्य झाली, २०२२ मध्ये लहान दुकानांच्याही पाट्या मराठीत आल्या, २०२४ मध्ये अभिजात दर्जाही लाभला. पण पाताळगंगेकाठचे रसायनांचे आणि खोपोलीचे पोलादाचे कारखाने ज्या खालापूर तालुक्यात आहेत, तेथे खरा प्रश्न दुकानाच्या पाटीचा नाही. बहुसंख्य कामगारांना कळेल अशी भाषा १९४८ च्या कारखाने कायद्याने मागितली, ती केवळ कायद्याने लावावयाच्या सूचनाफलकांपुरती. नियुक्तिपत्र आणि यंत्राची माहितीपुस्तिका त्या अटीबाहेरच राहिली. ज्या कागदावर सही करावयाची तो वाचता न येणे म्हणजे हक्क गमावणे. धोक्याची सूचना न उमजणे म्हणजे प्रसंगी जीव गमावणे.

फ्रान्सचे सारेच अनुकरणीय आहे, असे मात्र नव्हे. एका भाषेच्या हट्टापायी तेथील शाळांनी ब्रेतों बोलणाऱ्या मुलांना शिक्षा केल्या. कर्जतच्या वाड्यांवरील कातकरी वा ठाकर मुलाला प्रमाण मराठीही शाळेतच शिकावी लागते. इंग्रजीविषयी तक्रार करणाऱ्या मराठीने त्याच्या बोलीला हिणवू नये.

१९८१ मध्ये या जिल्ह्याला ज्या रायगडाचे नाव मिळाले, त्या राजधानीच्या छत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. भाषा व्यवहारात टिकते, ही दृष्टी त्यामागे होती. पाट्या झाल्या, आता शासनाने कामगाराच्या हातातील कागदाकडे वळावे.