शाळेत शिक्षक किती, शिपाई किती?

नांदगावच्या बाजारात किंवा मनमाडच्या स्टेशनावर दोन पालक भेटले म्हणजे मुलाला दहावीत गुण किती पडले, हे एकमेकांस विचारतात. त्याच्या वर्गाला गणिताचा शिक्षक होता काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. मूल नापास झाले की दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. वर्षभर रिकाम्या राहिलेल्या खुर्चीला कोणी जाब विचारीत नाही. तो जाब विचारण्याचा अधिकार कायद्याने तुम्हांस दिलेला आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम शिपायाची गोष्ट घेऊ. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. तो जागेवर नसला म्हणजे घसा कोरडा ठेवून बसावे लागे. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आज प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खाजगी अनुदानित शाळांतील शिपायाचे नियमित पद, त्यावरील माणूस निवृत्त होताच, संपुष्टात येते. त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता मिळावयाचा; ग्रामीण भागासाठी तो दरमहा ५,००० रुपये ठरविला गेला. ग्रामीण महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार अशाच शाळांवर आहे. एवढ्या पैशांत शाळा उघडणारा, घंटा देणारा, वर्ग झाडणारा, संडास धुणारा माणूस किती दिवस टिकेल? आणि तो न टिकल्यास झाडू कोणाच्या हाती जाईल?

सर्व मुलांनी पाळीपाळीने आपला वर्ग झाडला, तर त्यात आमची हरकत नाही. श्रमाची लाज कोणी बाळगू नये. परंतु संडास साफ करण्यासाठी ठरावीक घरांतील मुलांचीच नावे पुकारली जात असतील, तर ती शिस्त नव्हे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासही झाडण्याची वा मैला काढण्याची सक्ती करणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ७-अ प्रमाणे अपराध आहे. मुलांना संध्याकाळी घरी हा प्रश्न अवश्य विचारा.

आता शिक्षकांकडे वळू. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गास किमान एक, आणि दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा. त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक असावा, असे त्याच्या अनुसूचीत आहे. कलम २६ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवता येत नाहीत. म्हणून तालुक्याची सरासरी सांगून कोणी तुमचे समाधान करू लागला तर ते मान्य करू नका. सरासरी पुरेशी असूनही तुमच्या मुलीच्या शाळेत विज्ञान शिकविणारा कोणी नसेल, तर त्या सरासरीचा तिला काय उपयोग?

या कायद्याची मोठी उणीव अशी की, तो चौदाव्या वर्षाशी थांबतो. नववी-दहावी, जेथे मुलाचे भवितव्य ठरते, ते वर्ग त्याच्या बाहेर आहेत. तेथे पदे शासनाच्या संचमान्यतेने, म्हणजे मुख्यतः पटावरून ठरतात. तिचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने पुन्हा बदलण्यात आले. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातो. म्हणून ऊसतोडीला जाताना मुलास बरोबर नेऊ नका. आजीआजोबांजवळ किंवा वसतिगृहात त्याची सोय करा. त्याचे नाव पटावरून गेले तर त्याचे एक वर्ष बुडतेच, शिवाय मागे राहिलेल्या मुलांचा शिक्षकही जाण्याचा संभव असतो.

रिक्त पदाचा आणखी एक अर्थ ध्यानात घ्या. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीतही स्थान मिळाले. परंतु पदच भरले नाही, तर त्यातील राखीव जागा कागदावरच राहते आणि आपला शिकलेला तरुण घरी बसतो.

मग करावे काय? माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून नाशिक जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. आपल्या शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणत्या विषयाची रिक्त, केव्हापासून रिक्त, शिपाई भत्त्याची रक्कम किती आली, एवढेच विचारा. उत्तर तीस दिवसांत मिळावयास हवे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या सभासद स्त्रिया असतात. तेथे आपल्या भगिनींनी बसावे आणि ते उत्तर वाचून दाखवावे. आठवीपर्यंतच्या मुलांसंबंधी कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो.

तोंडी गाऱ्हाणे हवेत विरते. लेखी अर्जाला पोच मिळते. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका, आणि ती पोच मुलांच्या गुणपत्रिकेइतकीच जपून ठेवा.