मोळी पडण्याआधी इंजिनाचं ठरवा

कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की ट्रकमालकाला इंजिनाकडे बघायला सवड उरत नाही. टोळी, मुकादम, उचलीचा हिशेब आणि काट्यावरची रांग यांतच पुढचे चार-पाच महिने जातात. म्हणून सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडच्या ऊसवाहतूकदारांना विनंती आहे. इंजिन बांधायचं की आणखी एक हंगाम ओढायचा, याचा निकाल आत्ताच, गाडी पावसाळ्यात दारात उभी असताना लावा. आणि तो निव्वळ धूर बघून लावू नका.

धूर फसवतो. काळा धूर बहुतेक वेळा तुंबलेल्या एअर फिल्टरचा, खराब नोझलचा किंवा टर्बोच्या फाटलेल्या होजचा असतो. निळसर धूर ऑइल जळल्याचा, हे खरं. पण व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचं सील गेलं तरी तो येतो, त्यामुळे रिंगाच गेल्या असं लगेच धरू नका. ऑइल कमी होतंय आणि मागे धूर मात्र दिसत नाही, अशा वेळी हवेच्या टाकीचा ड्रेन सोडून बघा. पाण्याबरोबर भरपूर ऑइल पडलं, तर ते ब्रेकचा कॉम्प्रेसर खातोय. त्याचा खर्च इंजिनकामाच्या पासंगालाही पुरत नाही. बॅक कॉम्प्रेशनचंही तेच. ब्रीदरमधून भसाभसा धूर येत असेल तरी आधी कॉम्प्रेसर आणि टर्बो तपासून घ्या, मग सिलिंडरवार कॉम्प्रेशन मोजा. एकाच सिलिंडरला कमी आलं तर दोष तेवढ्यापुरता असू शकतो, कदाचित हेडचं काम करूनही भागेल. सगळेच बसलेले असतील तर मात्र इंजिन खरोखर झिजलंय.

सगळ्यात खरं बोलते ती वही. दोन ऑइल-बदलांच्या मध्ये वरून किती ऑइल भरलं आणि तेवढ्यात डिझेल किती गेलं, एवढंच लिहा. हजार लिटर डिझेलमागे लिटर-दोन लिटर ऑइल लागलं म्हणून जुन्या गाडीचं इंजिन कोणी खोलत नाही. तोच आकडा पाचाच्या पुढे गेला आणि दर वेळी चढतच राहिला, तर हंगामाचा भरवसा धरू नका. अ‍ॅव्हरेजचाही हिशेब मांडा. महिन्याला चार हजार किलोमीटर पळणारी गाडी चारवरून साडेतीनवर आली, तर सुमारे १४३ लिटर डिझेल जास्त जातं. फक्त त्याचा दोष इंजिनावर टाकण्याआधी टायरची हवा, धरलेले ब्रेक आणि नोझल बघा.

या सगळ्यात वाट बघून चालतं. ऑइल प्रेशरमध्ये चालत नाही. गरम इंजिनाचं प्रेशर आयडलला पडत असेल तर आधी वेगळा गेज लावून खात्री करा, कारण डॅशबोर्डाचा सेंडरही खोटं दाखवतो. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. हे काही नसेल तर चेंबर उतरवून बेअरिंग बघा. वेळेत बघितलं तर कदाचित नुसती बेअरिंग बदलून भागेल. उशीर झाला की क्रँक घासावा लागतो, आणि कनेक्टिंग रॉड तुटला तर ब्लॉकच फुटतो. भर हंगामात असं झालं तर टोळी फडात बसून राहते आणि मुकादम दुसरी गाडी शोधतो.

ज्यांच्याकडे १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या आहेत त्यांनी धुराची वाट बघूच नये. डीपीएफ तो अडवतो. जळलेल्या ऑइलची राख त्यातच साठते, आणि इंजिनाबरोबर तोही खर्च अंगावर येतो.

इंजिन बांधायचं ठरलंच, तर ते झिजलं कशाने हे आधी शोधा. फडाच्या वाटेवरची बारीक धूळ एअर फिल्टरच्या पुढच्या होजच्या एवढ्याशा चिरेतून आत गेली की नव्या रिंगा आणि लायनर एका हंगामात खलास होतात. तो होज आणि त्याचे क्लिप न बदलता इंजिन बांधून घेणारे मालक काही कमी नाहीत. आपलं इंजिन कोणतं तेही मिस्त्रीला विचारा. टाटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांतल्या कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनाला मुळात लायनरच नसतो. तिथे बोअरिंग करावं लागतं, म्हणजे ब्लॉक मशीन शॉपला जाणार. दसरा जवळ आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात आपल्यासारख्याच मालकांची गर्दी असते, तेव्हा नंबर आधीच लावा. बोअर आणि क्रँक किती साइजवर गेले ते बिलावर लिहून घ्या, आणि काढलेली बेअरिंग घरी आणा.