टाकाऊ कोण?

गेल्या मोसमात भाचीबरोबर हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात गेले होते. सत्तरच्या दशकात हिप्पी लोकांनी आपल्या वापरलेल्या वस्तू मांडल्या, त्यातून वाढलेला हा बाजार. तिथे दोरीवर एक वाकळ टांगली होती. विटक्या लुगड्यांची, हाताच्या टाक्याची. किंमत अडीच हजार! भाची म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे अशीच होती ना?"

होती. दारात आलेल्या भांडीवालीला मीच ती देऊन टाकली होती, आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला होता.

माझे माहेर पेडण्याचे, सासर डिचोलीचे. दोन्ही घरी वैशाखात ओसरीवर वाकळ पडे. खाली जुने लुगडे अंथरून कोपऱ्यांवर पाट-वरवंटा ठेवायचा. मध्ये फाटकी धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, शिंप्याकडच्या चिंध्या यांचे थर. वर दुसरे मऊ लुगडे. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे. टाका लांब पडला, की पहिल्याच धुण्यात आतल्या चिंध्यांचे गोळे झालेच म्हणून समजा. आणि सारे मृगाच्या आत संपायला हवे, कारण पावसात वाकळ वाळत नाही. जेवणखाण आटोपून उरलेल्या वेळात, कंबर वाकवून, सासूबाईंना एका वाकळीला महिना लागे.

या महिन्याला आपण नाव काय दिले? 'टाकाऊतून टिकाऊ'! शाळेच्या स्पर्धेत आणि महिला मंडळाच्या प्रदर्शनात ही पाटी लावून आपण मोकळे झालो. माझा आक्षेप या पाटीवरच आहे. जुने सुती लुगडे टाकाऊ नव्हतेच. वर्षानुवर्षे धुतल्यावर ते असे मऊ होते, की तान्ह्या बाळाला नव्या कापडाआधी त्याचीच दुपटी लागतात. त्याला आणखी वीस वर्षे टिकवले ते बाईच्या कष्टाने. ते कष्ट मात्र कोणी मोजले नाहीत. टाकाऊ ठरले असेल तर तेच.

कोकणी की मराठी यावर आपण १९८७ च्या राजभाषा कायद्याआधी आणि नंतरही घसा बसेपर्यंत भांडलो. पण वाकळ आईनेच शिवायची आणि तीही फुकट, यावर दोन्ही बाजूंच्या घरांत संपूर्ण एकमत होते!

घाटापलीकडे हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी बायका अशाच गोधड्या शिवतात. त्या तिला कवंदी म्हणतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेली माणसे त्या रानात पळून गेली, त्यांचा हा वंश. कवंदीच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची 'फुला' लावली नाही, तर ती त्यांना अपुरी वाटते. या कवंद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत भिंतीवर लागल्या. चिंधी तीच, टाकाही तोच. फरक एवढाच, की तिथे ती शिवणाऱ्या बाईची कला म्हणून पाहिली गेली. आपल्या घरी ती गरिबीची खूण ठरली आणि पाहुणे आले की माळ्यावर गेली.

कोणी म्हणेल, आता सुती लुगडी आहेत कुठे? साड्या पॉलिएस्टरच्या, त्या घाम टिपत नाहीत आणि सुईखाली सरकतात. मान्य. पण पंचे, चादरी, झबली, सुती कुर्ते अजून घरोघर आहेत. वाकळ नाही जमली तर पडद्याच्या उरलेल्या कापडाची पिशवी तरी जमेल? १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवीवर ३१ डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे. तरी परवा बाजारातून परतताना माझ्याच हातात ती होती. लिहिताना लाज वाटते, पण खोटे कशाला लिहू?

म्हणून मंडळांना सांगणे एवढेच, की पुढच्या प्रदर्शनात वाकळीला बक्षिसाची वाटी नको. तिला किती दिवस लागले ते पाटीवर लिहा, खाली शिवणारीचे नाव लिहा आणि दिवसाच्या मजुरीने तिची किंमत लावा. महाग वाटली तर घरी शिवा. मात्र सुई मुलाच्याही हातात द्या.

सासूबाईंची एक वाकळ माझ्याकडे अजून उरली आहे. तिची कड उसवली आहे. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर काढली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, ही टाकायची?"

मी त्याच्या हातात सुईदोरा दिला.