यंत्रांचा जीर्णोद्धार

नोव्हेंबर महिना उजाडला की वागातोरकडे जाणारे रस्ते बुलेट मोटारसायकलींच्या आवाजाने दुमदुमू लागतात. रॉयल एनफिल्डच्या मेळ्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो तरुण येथे लोटतात, हे दृश्य गेल्या काही वर्षांत गोमंतकीयांच्या अंगवळणी पडले आहे. रहदारीची कोंडी आणि रात्रीचा गोंगाट यांविषयीच्या स्थानिकांच्या तक्रारी रास्तच आहेत, परंतु तो स्वतंत्र विचाराचा विषय आहे. आज आम्हाला निराळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. अंगातील सदऱ्यावर १९०१ हे साल मिरवणाऱ्या या तरुणांपैकी कितीजणांना ते साल कोठले, हे ठाऊक असेल?

ते साल इंग्लंडातील रेडिच या गावचे. सुया आणि मासेमारीचे गळ बनविणाऱ्या कारागिरांचे हे गाव. पहिली रॉयल एनफिल्ड मोटारसायकल तेथे १९०१ मध्ये तयार झाली, १९३२ साली 'बुलेट' हे नाव जन्मास आले, १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला आणि ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनजवळ एका जुन्या दगडखाणीच्या पोटात चालणारे उरलेसुरले कामही १९७० मध्ये थांबले. म्हणजे ज्या यंत्राचा उत्सव आपल्या किनाऱ्यावर चालतो, त्याची जन्मभूमी अर्ध्या शतकापूर्वीच निपुत्रिक झाली आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्हाला मुळीच पोरकट वाटत नाही. या नावाशी आपले नाते तरी कोणते? एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेकडील सरकारी बंदूक कारखान्याचे ठिकाण. १८५७ च्या उठावाची ठिणगी ज्या काडतुसांनी पडली, ती एनफिल्ड बंदुकीचीच होती. रेडिचच्या कंपनीने त्या कारखान्याला सुटे भाग पुरविले, त्या अभिमानाने नाव उचलले आणि पुढे 'बंदुकीसारखी घडविलेली' हे आपले ब्रीद केले. बी.एस.ए. ही तीन अक्षरे तर 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स' याचेच लघुरूप होत. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन ती कंपनी काढली आणि एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे बोधचिन्ह ठरले. ज्यांच्या जोखडाखालून सुटण्यासाठी एक पिढी तुरुंगात गेली, त्यांच्या फटफट्या आता पुसूनपासून पुजावयाच्या काय?

पुजावयाच्या मुळीच नाहीत. परंतु स्मरण आणि पूजा यांत अंतर आहे. साम्राज्य व्हाइसरॉयांचे होते. स्मॉल हीथच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या कामगारांचे ते कधीच नव्हते. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँब त्या कारखान्यावर पडले आणि कामावर असलेले ५३ कामगार ढिगाऱ्याखाली मेले. तरीही त्या कंपनीने युद्धकाळात 'एम-२०' या साध्या, संथ, पण कधीही दगा न देणाऱ्या मोटारसायकली सव्वा लाखाच्या घरात तयार केल्या. नॉर्टनची '१६-एच' ही तिचीच जोडीदारीण. दोन्ही हिंदी सैन्यातही होत्या. युद्ध संपल्यावर सैन्याने काढून टाकलेली अशी वाहने लिलावात गेली आणि आपल्याकडील कित्येक मिस्त्रींची पहिली शाळा तीच ठरली.

मग हा सारा उद्योग बुडाला कसा? जपान्यांनी बुडविला, हे सोयीचे उत्तर इंग्लंडात अनेक वर्षे दिले गेले. खरे कारण घरातच होते. १९५० च्या सुमारास जगातील उत्तमोत्तम मोटारसायकली बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, प्लमस्टेड येथून बाहेर पडत. त्या पैशातून नवी यंत्रसामग्री घ्यावी, हे मालकांना सुचले नाही. क्रँककेस उभी दुभागलेली असल्याने तेल पाझरे. 'तेल गळत नसेल तर टाकीत तेलच नाही असे समजावे' या थट्टेवर ते वेळ मारून नेत. होंडा लहान गाड्या घेऊन आली तेव्हा लहान गाड्या तिला सोडून दिल्या. मग मधल्याही सोडल्या. १९७५ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या अमेरिकन सल्लागारांनी या माघारीचाच पाढा वाचला. तोवर १९६९ ची होंडा 'सीबी-७५०' चार सिलिंडर, डिस्क ब्रेक आणि बटणावर सुरू होणारे इंजिन घेऊन बाजारात स्थिरावली होती. वेलोसेट १९७१ मध्ये मिटली, बी.एस.ए. १९७३ मध्ये दुसऱ्याच्या पोटात गेली.

या पडझडीत एकच प्रकरण असे आहे की ज्याच्यापाशी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. १९७३ च्या सप्टेंबरात मेरिडन येथील ट्रायम्फचा कारखाना बंद करण्याचे नव्या व्यवस्थापनाने जाहीर केले. कामगारांनी दारे अडविली आणि तयार गाड्या बाहेर जाऊ दिल्या नाहीत. दीड वर्ष ते ठाण मांडून बसले. अखेर मंत्री टोनी बेन यांच्या पाठिंब्याने सरकारी कर्ज मिळून १९७५ मध्ये कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिने १९८३ पर्यंत 'बॉनव्हिल' मोटारसायकली तयार केल्या. संस्था पुढे बुडाली, म्हणून तिला कोणी अपयशी म्हणोत. भांडवलदारांनी टाकून दिलेले यंत्र आठ वर्षे कामगारांनी जिवंत ठेवले, हे ज्यांनी सत्याग्रहाचा इतिहास वाचला आहे त्यांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जुन्या मोटारसायकली दुरुस्त करून चालत्या करणे हा त्या देशात आता एक विस्तृत व्यवसाय आहे. 'टिच' ॲलन यांच्या पुढाकाराने १९४६ सालीच 'व्हिंटेज मोटर सायकल क्लब' निघाला. युद्धातील भंगाराच्या मागणीत जुनी यंत्रे वितळून गेली होती; उरलेली वाचवावीत, १९३० अखेरपर्यंतच्या गाड्या चालत्या ठेवाव्यात, हा त्याचा मूळ हेतू. या क्लबच्या ग्रंथालयात काही कारखान्यांच्या पाठवणीच्या वह्या जपलेल्या आहेत. त्यांवरून एखादी गाडी कोणत्या दिवशी कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे आजही सांगता येते. आमच्या कितीतरी देवस्थानांच्या दफ्तरांची जी दशा आहे, ती पाहता हे वाचून मनात असूया उत्पन्न होते.

प्रत्यक्ष काम मात्र दफ्तरातले नव्हे, हाताचे आहे. जुन्या इंग्रजी गाडीवर पहिला अनर्थ घडतो तो पान्याने. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण ठरविले. त्यात आट्यांचा कोन ५५ अंश. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. शिवाय व्हिटवर्थच्या पान्यावर कोरलेले माप नटाच्या रुंदीचे नसून बोल्टाच्या जाडीचे असते. ज्याला हे ठाऊक नाही तो हाताशी येईल तो पाना लावतो, नटाचे कोपरे झिजवितो आणि आटे मारतो. ऐंशी वर्षे टिकलेला बोल्ट एका दुपारी निकामी होतो. हीच गोष्ट मॅग्नेटोची. आतील कंडेन्सर क्षीण झाला, की इंजिन थंड असताना चालते आणि तापले की मुकाट होते. अनाडी माणूस कार्ब्युरेटर उघडून बसतो. जाणता मिस्त्री ठिणगीचा रंग पाहतो. हे ज्ञान पुस्तकात अर्धेच आहे. उरलेले अर्धे ज्यांच्या बोटांत आहे ती माणसे आता सत्तरीपुढची आहेत.

आणखी एक अनर्थ पैशाने घडतो. हौशी धनिक गाडी विकत घेतो, जुना रंग खरवडून काढतो, कारखान्यात कधी नव्हता इतका क्रोम चढवितो आणि टाकीला आरशासारखी झिलई देतो. आमच्याकडील देवळांच्या जीर्णोद्धाराशी याचे साम्य विलक्षण आहे. सभामंडपाचे कोरीव लाकडी खांब उतरवून तेथे सिमेंट आणि संगमरवरी लाद्या बसविल्या, की समितीला कार्य सिद्धीस गेल्यासारखे वाटते! जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाला उद्धरणे. जीर्णाला हाकलून देऊन त्याच्या जागी नवे बसविणे नव्हे. रंग उडालेली, तेलकट, पण मूळच्याच भागांची गाडी जाणकारांच्या लेखी चकचकीत गाडीहून मोलाची असते, हे इंग्लंडातही लोकांना फार उशिरा उमगले. अर्थात याही तत्त्वाला मर्यादा आहे. बर्मिंगहॅमजवळच्या सोलिहल येथील राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयाला १६ सप्टेंबर २००३ रोजी आग लागली आणि साडेतीनशेहून अधिक दुर्मिळ गाड्या होरपळल्या. त्या तशाच ठेवा, असे कोणी म्हटले नाही. ठिकठिकाणचे कारागीर जळके सांगाडे घेऊन बसले आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, संग्रहालय पुन्हा उघडले. त्या गाड्या किती 'मूळच्या' उरल्या, हा वाद पंडितांनी घालावा. त्या उभ्या राहू शकल्या, कारण उभ्या करणारे हात शिल्लक होते.

भारतात या हातांची गोष्ट अधिकच रंजक आहे. आपल्या सैन्याला बुलेट हवी होती, म्हणून १९५५ साली मद्रास मोटर्सच्या सहकार्याने एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली. आरंभी सुटे भाग विलायतेहून येत. मग साचे व यंत्रेच येथे आली आणि तिरुवोट्टियूरच्या कामगारांनी ती गाडी जवळजवळ मूळ रूपात अर्धे शतक घडविली. टाकीवरील सोनेरी रेषा तेथे हाताने ओढल्या जात. उजव्या पायाखाली गिअर, डाव्या पायाखाली ब्रेक. डिकॉम्प्रेसरची कळ दाबून, अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलके दाबावयाची आणि मग एकाच पूर्ण दाबाने मारावयाची. घाई करणाऱ्याच्या घोट्याला ती उलटून प्रसाद देई. रेडिच मिटल्यावर दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, मद्रासची बुलेट इंग्लंडात विकावयास गेली. शिष्याने गुरुगृही जाऊन गुरूचीच विद्या गुरूच्या नातवंडांना शिकवावी, असा हा प्रकार.

त्यानंतर चक्र आणखी फिरले. बी.एस.ए. हे नाव २०१६ मध्ये महिंद्र समूहातील कंपनीकडे आले आणि नॉर्टन २०२० मध्ये चेन्नईच्या टीव्हीएसने विकत घेतली. या बातम्यांनी आमच्याकडील अनेकांची छाती फुगली. आमची तितकी फुगत नाही. नाव विकत घेता येते. वहीतील नोंद आणि बोटांतील कसब घेता येत नाही. ते सांभाळावे लागते.

गोव्यात तर हे सांभाळणे दुप्पट कठीण. खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सुखाने जगू देत नाहीत. तरीही मोटारसायकल हे उपजीविकेचे साधन म्हणून समाजाने स्वीकारले ते येथेच. पिवळ्या-काळ्या गाडीवरील 'पायलट' हा आमचा खास गोमंतकीय आहे. त्याची गाडी वर्षानुवर्षे रस्त्यावर ठेवणारे मिस्त्री गावोगावी होते. आजोबांची फटफटी मागच्या पडवीत, शहाळ्यांच्या ढिगाऱ्यामागे गंजत पडलेली घरेही पुष्कळ आहेत. भंगारवाला तिला किलोच्या भावाने नेतो.

अशा गाडीचे काय करावे, याविषयी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. नोंदणी असल्यास जुना क्रमांक ठेवता येतो. नसल्यास 'व्हीए' अक्षरांचा नवा क्रमांक मिळतो. हेतू स्तुत्य आहे. पण नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये! महाराजांच्या रोल्स-रॉइसला आणि शिक्षकाच्या बी.एस.ए. बँटमला एकच माप. शिवाय ही गाडी प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन वा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. नित्य वापरास मनाई. जे इंजिन चालत नाही ते मरते, हे कोणताही मिस्त्री सांगेल. ज्याचे कागद पूर्वीच्या राजवटीबरोबर नाहीसे झाले, त्या सामान्य माणसाने वीस हजार भरून गाडी पडवीतच ठेवावी, असाच याचा व्यवहारातील अर्थ होतो. दुचाकींसाठी हे शुल्क दोन हजारांवर आणावे आणि महिन्यातून ठराविक दिवस गाडी चालविण्याची मुभा द्यावी, असे गोवा सरकारने केंद्राला कळवावयास हवे.

दुसरी गोष्ट राज्याच्या स्वतःच्या हातातली आहे आणि तिला दिल्लीची परवानगी लागत नाही. फर्मागुडीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांसमोर एक जुने लोखंडी इंजिन टेबलावर ठेवावे, व्हिटवर्थ पान्यांचा एक संच घ्यावा आणि दर शनिवारी एखाद्या निवृत्त मिस्त्रीला योग्य मानधन देऊन बोलवावे. त्याला प्रमाणपत्र विचारू नये. येत्या जूनपासून हे सुरू करता येईल.